मीटरवर ३४ टक्के आणि गाडी घाटात बंद: पुन्हा पुन्हा येणारी ही तक्रार कशी शोधायची

नोव्हेंबरातली संध्याकाळ. यवतेश्वरला नणंदेकडे निघाले होते. साताऱ्यातून निघताना माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या मीटरवर बॅटरी ५२ टक्के, घाटाच्या मध्यावर ३४. पुढच्या वळणाआधी गाडी एकदम गपगार. डिस्प्ले काळा, हेडलाइट बंद, हॉर्नसुद्धा नाही. कडेला घेतली, चावी बंद करून दहा मिनिटं थांबले. पुन्हा चालू केली तर आकडा तोच, ३४. दोन-तीनशे मीटर गेली आणि परत तेच. शेवटी नंदाव्यांना फोन करून बोलावलं. ते आले, मीटर बघितला आणि म्हणाले, "वहिनी, टाकीत पेट्रोल आहे आणि गाडी म्हणते नाही, ही कसली गाडी?"

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला दिली. संध्याकाळी परत मिळाली. "मॅडम, अपडेट मारलंय, आता येणार नाही प्रॉब्लेम." खरंच नाही आला. तीन आठवडे. मग पोवई नाक्यावर, सिग्नल सुटल्या सुटल्या, ३१ टक्क्यांना तेच. पुन्हा सर्व्हिस, पुन्हा तीन आठवडे. तिसऱ्या वेळी मला स्वतःचीच लाज वाटली. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मुलांना सांगते, दुरुस्तीनंतर दोष परत आला तर दुरुस्ती झालीच नव्हती. आणि स्वतः मात्र गाडी देऊन-आणून बसले होते.

मल्टिमीटर काढला. आता ज्यांच्या ज्यांच्या गाडीला हे होतं ते माझ्याकडे येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी बघा, गाडी कशी बंद पडली

"बंद पडली" हे एकच वाक्य लोक तीन वेगवेगळ्या घटनांना वापरतात. तीनही घटनांची कारणं वेगळी आहेत, म्हणून हे आठवून नीट सांगता आलं तर निम्मं काम तिथेच होतं.

सगळंच काळं झालं, काही मिनिटांनी किंवा चावी फिरवल्यावर परत आलं, आणि थोडं चालून पुन्हा गेलं, तर बॅटरीच्या आतल्या बीएमएसने, म्हणजे सेलवर नजर ठेवणाऱ्या सर्किटने, पुरवठा तोडलाय. पॅकमधल्या एखाद्या सेलचा व्होल्टेज मर्यादेखाली गेला की ते असं करतं, आणि ते त्याचं कामच आहे. थांबल्यावर सेलचा व्होल्टेज थोडा वर येतो, म्हणून गाडी पुन्हा चालू होते. माझं हेच होतं.

डिस्प्ले चालू आहे, आकडा दिसतोय, पण मोटर ओढत नाही, तर बॅटरी नव्हे, मोटरला करंट देणारा कंट्रोलर थांबलाय. तापलाय, थ्रॉटलचा, म्हणजे ॲक्सिलरेटरचा, सिग्नल बिघडलाय, किंवा ब्रेक लिव्हरचा स्विच अडकलाय. हा शेवटचा प्रकार हसू येईल इतका सामान्य आहे. ब्रेक दाबलेला आहे असं गाडीला वाटत राहतं, आणि आपण बॅटरीला शिव्या देतो.

आणि खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर डिस्प्ले क्षणभर मिचकावून लगेच परत आला, तर कुठेतरी जोड सैल आहे. त्याबद्दल पुढे.

टक्का म्हणजे रोजमेळ, गल्ला नव्हे

माझं माहेर कोरेगावचं, घरचं किराण्याचं दुकान. वडील दिवसभर रोजमेळ लिहायचे आणि रात्री गल्ला मोजायचे. रोजमेळात काय आहे आणि गल्ल्यात काय आहे हे क्वचितच तंतोतंत जुळायचं. कुणी उधारीचे दोन रुपये टाकून गेलेलं, मी चार आणे उचललेले. गल्ला मोजला की फरक कळायचा आणि दुसऱ्या दिवशीचं पान बरोबर आकड्याने उघडायचं.

मीटरवरचा टक्का हा असा रोजमेळ आहे. बीएमएस बॅटरीत किती करंट आला आणि किती गेला हे क्षणाक्षणाला मोजून बेरीज-वजाबाकी करतं. त्यात चुका साठत जातात. उदाहरणार्थ गाडी नुसती उभी असते तेव्हाही बीएमएस, ट्रॅकर, अलार्म मिळून थोडा करंट खातात. तो ३० मिलिअँपिअर धरा. दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, आठवड्याला ५. माझा पॅक ३० अँपिअर-तासांचा, म्हणजे आठवडाभर नुसत्या उभ्या गाडीने सहावा हिस्सा खाल्ला. इतका बारीक करंट कित्येकदा मोजणाऱ्या सेन्सरच्या पकडीतच येत नाही. म्हणजे रोजमेळात नोंदच नाही.

मग गल्ला का मोजत नाही? व्होल्टेजवरून बॅटरी किती भरली ते कळायला नको का?

इथे सगळा घोळ सेलच्या जातीचा आहे. माझा पॅक लिथियम आयर्न फॉस्फेटचा, म्हणजे बोलीभाषेत एलएफपी. या सेलचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ हलतच नाही. ८० टक्के भरलेला सेल साधारण ३.३३ व्होल्ट दाखवतो आणि ४० टक्क्यांचा ३.२८ च्या आसपास. माझ्या पॅकमध्ये असे २० सेल एकापुढे एक आहेत. सगळ्यांचा फरक एकत्र केला तरी जेमतेम एक व्होल्ट, आणि तोसुद्धा गाडी तासभर विश्रांती घेत असेल तर. ॲक्सिलरेटर पिळला की त्याच्या दुप्पट-तिप्पट व्होल्टेज तसाही खाली बसतो. त्यामुळे मधल्या पट्ट्यात बीएमएसला गल्ला दिसतच नाही. दिसतो तो फक्त दोन टोकांना: सेल पूर्ण भरून ३.६५ कडे उडी मारतो तेव्हा, आणि रिकामा होत ३ च्या खाली घसरतो तेव्हा.

आता माझी सवय ऐका. फोनच्या बॅटरीबद्दल वाचलेलं मनात पक्कं होतं: ८० च्या वर चार्ज करायचं नाही, २० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. गाडीलाही तेच लावलं. ऑफिसातून आलं की तासभर लावायची आणि ८० ला काढायची. घाटात पहिल्यांदा बंद पडली त्याआधी सलग दीड महिना बॅटरी एकदाही पूर्ण भरली नव्हती, म्हणजे दीड महिना गल्ला मोजला नाही. मीटर ३४ म्हणत होतं तेव्हा आत प्रत्यक्षात शेवटचे चार-पाच टक्के उरले असणार. समोर चढ आला, करंट वाढला, सेल कोसळले, बीएमएसने तोडलं.

आणि सर्व्हिस सेंटरचं "अपडेट"? त्यांनी रात्रभर गाडी चार्जरला लावून ठेवली होती. पूर्ण भरली, आकडा जुळला. औषध लागू पडलं, पण देणाऱ्यालाही माहीत नव्हतं कोणतं ते.

८० टक्क्यांचा सल्ला खोटा नाही. तो निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या, म्हणजे एनएमसी सेलसाठी आणि फोनच्या बॅटरीसाठी रास्त आहे. एलएफपीलाही महिनोनमहिने १०० वर उभं ठेवणं मानवत नाही. पण आठवड्यातून एकदा पूर्ण भरलीच पाहिजे. टेस्लाही आपल्या एलएफपीच्या गाड्यांना हेच सांगते.

तुमची बॅटरी कोणत्या जातीची?

डीलरला विचारलंत तर "लिथियम" एवढंच उत्तर येतं. चार्जर उलटा करा. लेबलवर आउटपुटचा व्होल्टेज असतो. त्याला ३.६५ ने भागा, मग ४.२ ने भागा. जिथे पूर्ण संख्या येते ती तुमची जात. ७३ व्होल्टचा चार्जर: ३.६५ ने भागल्यावर बरोबर २०, म्हणजे एलएफपीचे २० सेल. ७१.४: ४.२ ने भागल्यावर १७, एनएमसी. ५८.४ म्हणजे एलएफपीचे १६, ५४.६ म्हणजे एनएमसीचे १३. फक्त ८४ वर फसाल, कारण तिथे एनएमसीचे २० आणि एलएफपीचे २३ दोन्ही बसतात. मग बॅटरीच्या स्टिकरवरचा नॉमिनल, म्हणजे सर्वसाधारण व्होल्टेजचा, आकडा बघा. ७३.६ असेल तर एलएफपी, ७२ किंवा ७४ असेल तर बहुधा एनएमसी.

एनएमसी निघाली तर वरचा रोजमेळाचा प्रकार तुमच्याकडे कमी होतो. त्या सेलचा व्होल्टेज पूर्ण भरल्यापासून रिकामा होईपर्यंत उतरत येतो, त्यामुळे बीएमएसला अधूनमधून गल्ल्यात डोकावता येतं. तुमची गाडी ३० टक्क्यांना बंद पडत असेल तर थेट खाली मामांच्या गाडीच्या, सेलबद्दलच्या भागाकडे जा.

एलएफपी असेल तर आधी हे करा

आकडा १५-२० पर्यंत उतरू द्या, पण घराजवळ आणि सपाट रस्त्यावर. मग चार्जरला लावा. हिरवा दिवा लागला म्हणून लगेच काढू नका, आणखी दोन-तीन तास राहू द्या. असं ओळीने तीन वेळा. पहिल्याच वेळी आकडा ताळ्यावर येईल असं नाही. काही बीएमएस हळूहळू दुरुस्त करतात, काही १०० वर एकदम उडी मारतात. माझं ८८ वरून थेट १०० झालं, ते बघून बरं वाटलं.

मल्टिमीटर असेल तर चार्जिंगच्या शेवटी २० सेलचा पॅक ७२ ते ७३ दाखवायला हवा. चार्जर काढून तासाभराने तोच ६७-६८ वर आलेला दिसेल. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला रात्री साडेदहाला फोन केला होता, "मॅडम, तासात पाच व्होल्ट उतरले, बॅटरी गेली." गेली नाही. एलएफपीच्या शेवटच्या उडीचा व्होल्टेज विश्रांतीत खाली बसतोच. क्षमतेत त्याने फरक पडत नाही.

हे करून माझी गाडी सुधारली. पुढच्या वेळी मुद्दाम गल्लीत फिरवून संपवली तेव्हा ६ टक्क्यांना बंद पडली. एवढा फरक चालतो.

आणि दोन महिन्यांनी पुन्हा

या वेळी आकडा खरा होता, पण स्पीडब्रेकरवर डिस्प्ले मिचकावायचा. एकदा गोडोलीजवळ खड्ड्यात गाडी बंद होऊन तिथेच चालूही झाली. घरी आल्यावर डिकी उघडून बॅटरीच्या जाड वायरला हात लावला. वायर कोमट, पण ती वायर जोडणाऱ्या अँडरसन कनेक्टरला बोट टेकवेना. उघडला तर एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं.

चढावर माझी गाडी ४० अँपिअर ओढते. जोडाचा रेझिस्टन्स फक्त २० मिलिओहम झाला तरी तिथे ३२ वॅटची उष्णता तयार होते. आमच्या लॅबमधला सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा आहे. म्हणजे सीटखाली एक चालू सोल्डरिंग आयर्न घेऊन मी घाट चढत होते. उष्णतेने पिनेची स्प्रिंग ढिली होते, ढिली झाली की रेझिस्टन्स वाढतो, की आणखी उष्णता. कनेक्टर घासून परत बसवणं म्हणजे महिन्याभराची सोय, बाकी काही नाही. पिना आणि कनेक्टर दोन्ही नवीन, आणि पिना नीट क्रिंप केलेल्या, म्हणजे खास हत्याराने वायरवर दाबून बसवलेल्या हव्यात. नुसत्या पकडीने दाबून दिलेल्या चालत नाहीत.

घाट चढून आल्यावर लगेच कनेक्टर, फ्यूज आणि एमसीबी यांना उलट्या हाताने जवळून चाचपून बघा. शेजारच्या वायरपेक्षा जो भाग जास्त गरम, तो गुन्हेगार.

मामांची गाडी: खरोखरच सेल गेलेला

आमच्या वर्कशॉपमधल्या मामांची स्कूटर जुनी, बॅटरी बाहेरून बांधून घेतलेली, तीही एलएफपी. त्यांच्या बीएमएसला ब्लूटूथ होतं, त्यामुळे मोबाइलवर प्रत्येक सेलचा व्होल्टेज दिसायचा. तुमच्याकडे ही सोय असेल तर नशीबवान आहात. तक्रार दुहेरी: चार्जर लवकर हिरवा होतो, आणि गाडी निम्म्यातच बंद पडते.

चार्जिंगच्या शेवटी बघितलं. सात नंबरचा सेल ३.६५ वर, बाकीचे सगळे ३.४२ च्या आसपास. एक सेल भरला की बीएमएस सगळ्यांचंच चार्जिंग थांबवतं. पंगतीत एकाचं पोट भरलं म्हणून वाढप्याने पातेलं उचलून न्यावं, तसं.

मला वाटलं, नुसता असमतोल आहे. बीएमएस पुढे गेलेल्या सेलमधली थोडी ऊर्जा रेझिस्टरमध्ये जाळून त्याला बाकीच्यांसाठी थांबवतं. पण हा करंट फार बारीक असतो, बहुतेक ५० ते १०० मिलिअँपिअर. फरक २ अँपिअर-तासांचा असेल आणि करंट ६० मिलिअँपिअर, तर ३३ तास लागतात. आणि हे काम फक्त चार्जिंगच्या अगदी शेवटी चालतं. म्हणूनच जे लोक ८० ला चार्जर काढतात त्यांचा असमतोल कधीच भरून निघत नाही. मामांना सांगितलं, शनिवार-रविवार चार्जरला राहू द्या, मात्र बाहेर पडवीत, घरात नको, आणि येता-जाता नजर ठेवा. सोमवारी सेलमधला फरक ०.२३ वरून ०.०३ वर आलेला. मी खूश.

मंगळवारी मामा गाडी ढकलत आले.

तेव्हा खालचं टोक बघितलं, जे मी आधीच बघायला हवं होतं. गाडी बंद पडली त्या क्षणी सात नंबर २.५ वर, बाकीचे ३.१८ वर आरामात. म्हणजे सात नंबर भरतोही सगळ्यांत आधी आणि रिकामाही होतो सगळ्यांत आधी. घडाच लहान झालाय, म्हणजे सेलची क्षमताच घटलीय. त्याला समतोल करून काही उपयोग नाही, बदलावाच लागतो.

याउलट एखादा सेल खालच्या टोकाला सगळ्यांत आधी कोसळतो, पण वरच्या टोकाला मागे राहतो, तर त्याचा घडा ठीक आहे, फक्त तो कमी भरलेला आहे. तिथे दोन दिवस चार्जरला ठेवण्याचा उपाय लागू पडतो. आणि तिसरी तऱ्हा: उभ्या गाडीत सगळे सारखे, पण ॲक्सिलरेटर पिळताच एकच सेल खाली बसतो आणि सोडताच वर येतो. तिथे सेलचा अंतर्गत रेझिस्टन्स वाढलाय, किंवा त्याच्या टोकाचा नट ढिला आहे किंवा वेल्ड सुटलाय. तेव्हा सेल बदलण्याआधी जोड तपासायला सांगा, कदाचित तेवढ्यावरच सुटेल.

मामांचा सेल बदलताना बाकीच्यांइतक्याच क्षमतेचा, आधी मोजून घेतलेला सेल टाकला. कोरा करकरीत जास्त क्षमतेचा टाकून फायदा नव्हता, कारण पॅक सगळ्यांत लहान घड्याइतकाच चालतो.

थंडीबद्दल लोक विचारतात. थंडीत सेलचा रेझिस्टन्स वाढतो, त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे तीच गाडी थोडी लवकर दमते, उन्हं आली की बरी होते. शून्य अंशाखाली मात्र चार्जिंग करायचंच नाही, कारण लिथियम धातूच्या रूपात ॲनोडवर, म्हणजे सेलच्या ऋण बाजूवर, साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं त्या रात्री सोडल्या तर आपल्याला ही चिंता नाही. आपला शत्रू एप्रिल आहे. उन्हात तापलेली गाडी आल्या आल्या चार्जरला लावू नका, तासभर सावलीत थंड होऊ द्या.

हे कुणी सुचवलं तर हात जोडा आणि निघा

"बीएमएस बायपास करून देतो, मग बंदच पडणार नाही." पडणार नाही, हे खरं. पण एलएफपीचा सेल २.५ च्या बराच खाली खेचत राहिलं की ॲनोडकडचं तांबं विरघळायला लागतं, आणि पुढच्या चार्जिंगला नको तिथे जमा होऊन आतल्या आत शॉर्ट करतं. कटऑफ, म्हणजे पुरवठा तोडायची मर्यादा, खाली करून देणं ही त्याच माळेतली दुसरी युक्ती. गाडी बंद पडते ही तक्रार आहे, आणि बीएमएस हा ती तक्रार घेऊन आलेला माणूस आहे.

पॅक स्वतः उघडू नका. मी शिकवते तरीही वॉरंटीतला पॅक उघडलेला नाही. ७३ व्होल्ट डीसीचा झटका बसतोच. त्याहून वाईट म्हणजे पाना निसटून दोन टोकांवर पडला तर पाना वितळतो. पॅक फुगलाय, गोडसर रसायनासारखा वास येतोय, किंवा चार्जरविना गरम लागतोय, तर वरचं काहीही करत बसू नका. घराबाहेर मोकळ्या जागी ठेवा आणि कंपनीला बोलवा.

२०२२ साली स्कूटरना आगी लागल्यावर बॅटरीसाठीचं एआयएस १५६ हे मानक कडक केलं गेलं. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. तुमची गाडी त्याआधीची असेल, तर जिन्याखाली किंवा झोपायच्या खोलीला लागून चार्जिंग नकोच.

वॉरंटीत असाल तर

"गाडी मध्येच बंद पडते" असं जॉब कार्डवर लिहू देऊ नका. त्यावर "अपडेट केले" एवढंच उत्तर येतं. असं लिहून घ्या: तारीख, बंद पडताना मीटरवरचा टक्का, चढ की सपाट, डिस्प्ले काळा झाला की चालू राहिला, आधीच्या तीन चार्जिंग पूर्ण १०० पर्यंत केल्या होत्या. हे शेवटचं महत्त्वाचं, नाहीतर पूर्ण चार्ज करून गाडी परत देतात. मग दोन आकडे लेखी मागा: चार्जिंगच्या शेवटी सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा सेल किती व्होल्टवर होता, आणि बॅटरी रिकामी होऊन बंद पडताना तेच दोन किती. त्यांच्या लॅपटॉपवर हे दिसतं. "मॅडम, तसं देता येत नाही" म्हणाले तर स्क्रीनचा फोटो काढू द्या म्हणा. मला पहिल्यांदा नाही म्हणाले, दुसऱ्यांदा मॅनेजर बाहेर गेलेले असताना त्या पोराने स्वतःच स्क्रीन माझ्याकडे वळवली.